स्टीफन किंगच्या गावांवर वाचकांना बोलतं कसं करावं

स्टीफन किंग या अमेरिकन भयकथालेखकावर वाचकांची बैठक घ्यायची असेल, तर "भीती वाटली का?" हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. निम्मे म्हणतात वाटली, निम्मे म्हणतात छे, आमची आजी याहून भारी सांगायची, आणि बोलणं तिथंच संपतं. कोल्हापुरात राजारामपुरीत मी लहानसं वाचनालय चालवते. पुस्तकं बदलायला येणाऱ्यांपैकी काहीजण महिन्यातल्या एका रविवारी मागच्या खोलीत बसतात. त्यात उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक काका आहेत, इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, दवाखान्यातल्या एक सिस्टर, निवृत्त तलाठी आणि जागांचे व्यवहार करणारे एक गृहस्थ. या मंडळींना किंगच्या भुताबद्दल विचारलं तर दोन वाक्यं मिळतात. त्याच्या गावाबद्दल विचारलं तर मला दिवे लावायला उठावं लागतं. म्हणून ज्यांना आपल्या पेठेत, सोसायटीत किंवा कॉलेजात अशी बैठक सुरू करायची आहे, त्यांच्यासाठी माझी रीत सविस्तर लिहिते आहे.

पुस्तक निवडण्यापासून सुरुवात करू. 'इट' पहिल्यांदा घेऊ नका. १९८६ची ती पहिली आवृत्ती ११३८ पानांची आहे. नवा वाचक तिसऱ्या आठवड्यात पुस्तक परत आणून ठेवतो आणि पुन्हा किंगच्या वाटेला जात नाही. मी 'सेलम्स लॉट' देते. १९७५ची ही कादंबरी किंगची प्रसिद्ध झालेली दुसरी. तो मेन राज्यातल्या हॅम्पडेनच्या शाळेत इंग्रजी शिकवत असताना वर्गाला 'ड्रॅक्युला' ही रक्त पिणाऱ्या सरदाराची कादंबरी होती. तो सरदार आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, अशा घरच्या गप्पांतून ही गोष्ट सुचली, असं त्यानंच सांगितलं आहे. मोठ्या शहरात आला तर त्याचा निभाव लागणार नाही. लहान गावात मात्र लागेल, कारण तिथं एकेक घर अंधारात गेलं तरी शेजारचा म्हणतो, गेले असतील पाहुण्यांकडं.

या पुस्तकात सुरुवातीलाच एक प्रकरण आहे, ज्यात गावाचा एक अख्खा दिवस तासातासानं येतो. पहाटे चारला ग्रिफेनांची पोरं गोठ्यात धारा काढतायत, मग दूधवाला निघतो, मग शाळेच्या बसचा खडूस ड्रायव्हर, कचरा डेपोवर उंदरांवर बंदूक चालवणारा माणूस, आणि खिडकीत दुर्बीण घेऊन बसलेली, फोनवरून गावभरच्या बातम्या फिरवणारी मेबल वर्ट्स. भूत अजून कुठंच नाही. घाईचे वाचक हे प्रकरण चाळून पुढं जातात. बैठकीच्या आधी सगळ्यांना बजावून सांगा, की हेच प्रकरण सावकाश वाचायचं. मी तर ते मोठ्यानं वाचून दाखवते. गंगावेशीत पहाटे म्हशी दारात उभ्या करून धारोष्ण दूध देणारे कट्टे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते ग्रिफेनांचे गोठे लगेच दिसतात. आणि मेबल वर्ट्स? ती आमच्या गल्लीत कोण, यावर खोलीत खसखस पिकते. पिकू द्या. या माणसांशी इतकी ओळख झाली, की पुढच्या दोनशे पानांत ती एकेक करून गळायला लागतात तेव्हा वाचकाला स्वतःचं काहीतरी गेल्यासारखं वाटतं. किंगची भीती इथून येते, असं माझं ठाम मत आहे. दातांतून ती येत नाही.

इंग्रजीची अडचण खरी आहे, तिच्याकडं डोळेझाक करू नका. माझ्याकडचे निम्मे लोक सहज इंग्रजी वाचत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक भागाला एक सांगणारा ठरवा. त्यानं तो भाग नीट वाचून यायचा आणि मराठीत, आपल्या बोलीत सांगायचा. सारांश चालणार नाही. प्रसंग सांगायचा, कोण कुठं उभं होतं, खिडकी उघडी होती की बंद, हे सगळं. लेथवाले काका एकदा असं ऐकून झाल्यावर म्हणाले, "पोरगं खिडकीच्या भाईर तरंगतंय आन् आत घे म्हनतंय, ह्ये मला वाचायलाच नको, ऐकूनच अंगावर काटा आला की." सांगणाऱ्याचं मत आणि ऐकणाऱ्याचं मत, दोन्ही मत म्हणून धरा. मूळ वाचलं नाही म्हणून कुणाला गप्प बसवू नका.

आता नकाशा. एक मोठा ड्रॉइंग पेपर जमिनीवर पसरायचा, चारपाच स्केचपेन ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून कादंबरीतलं गाव काढायचं. टेकडीवरचं मार्स्टेनचं घर, बाजारातलं नवं फर्निचरचं दुकान, शाळा, चर्च, दफनभूमी, डेपो. ही करमणूक वाटेल, पण मतं उमटायला इथूनच सुरुवात होते. कुणी मार्स्टेनचं घर कागदाच्या मध्यभागी काढतो, कुणी कोपऱ्यात. मध्यभागी का काढलं, असं विचारा. आमच्या तलाठी काकांनी फार नेमकं उत्तर दिलं होतं: गावात कुठंही उभं राहिलं तरी ते घर दिसतं, मग ते मध्यभागीच झालं.

कागद भरला की विचारा, असं घर आपल्या भागात कुठं आहे? प्रत्येक पेठेत एखादा बंद वाडा असतो. दाव्यात अडकलेला, दारावर पिंपळ उगवलेला, पोरांना तिथं चेंडू गेला की सोडून द्यायला सांगितलेला. इथं एक नियम कडकपणे पाळा: कुणाच्याही घराचं, कुटुंबाचं नाव घ्यायचं नाही. कोल्हापूर एवढंही मोठं नाही. ज्या वाड्याबद्दल बोलणं चाललंय त्या घरची सून आपल्याच खोलीत बसलेली असू शकते. वाडा कसा दिसतो ते बोला, त्यात काय झालं म्हणतात ते नको. किंगही मार्स्टेनच्या घरात पूर्वी घडलेला खून आधी सांगून टाकतो, पण गावकऱ्यांना धरून ठेवते ती त्या घराची नुसती आकृतीच.

'इट'च्या वेळी हाच नकाशा आणखी रंगतो, कारण त्यातलं डेरी हे गाव किंगनं बरंचसं मेनमधल्या बँगोर शहरावरून घेतलं आहे. तो बँगोरला राहत होता. तिथं टेकडीवर पाण्याची जुनी गोल टाकी खरोखर आहे, पॉल बनियनचा उंच पुतळा आहे, गावातून वाहणारी केंडस्कीग नावाची नदी आहे. रोज दिसणाऱ्या टाकीत, पुतळ्यात, नाल्यात त्यानं काय दडवलं ते पाहा, आणि मग वाचकांना रंकाळ्यावर आणा. रंकाळ्याचा नंदी गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो, तो पाण्याला पोहोचला की जगबुडी, ही गोष्ट इथल्या पोरांनी लहानपणी ऐकलेली असते. ती पुन्हा कुणाला तरी सांगायला लावा. संध्याकाळी भेळ खायला जातो त्या ठिकाणाबद्दल लहानपणी पोटात गोळा का यायचा, यावर माणसं मोकळी होतात, आणि डेरीतल्या पोरांना नाल्याची भीती का वाटते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यानंतरचा प्रश्न या सगळ्या बैठकीचा गाभा आहे. त्याला भरपूर वेळ ठेवा. प्रश्न असा: कुणाला आधीपासून माहीत होतं?

'सेलम्स लॉट'मध्ये लॅरी क्रॉकेट नावाचा जागांचा एजंट आहे. मार्स्टेनचं घर आणि बाजारातली एक बंद पडलेली इमारत तो एका डॉलरला देऊन टाकतो, कारण बदल्यात त्याला दुसरीकडं मोक्याची जमीन मिळते. अट एकच, चौकशी करायची नाही. तो करत नाही. त्याच गावचा हवालदार गिलेस्पी शेवटी शेवटी सगळं ओळखतो, आणि गाडीत सामान भरून निघून जातो. 'इट'मध्ये एक अगदी लहान प्रसंग आहे. बेव्हर्ली नावाच्या मुलीच्या मागं एक गुंड पोरगा लागलाय, भर रस्त्यात. समोर व्हरांड्यात बसलेले शेजारी मिस्टर रॉस उठून पाहतात, वर्तमानपत्राची घडी घालतात आणि आत जातात. बास, एवढंच. अकराशे पानांत मला सर्वांत भीती वाटते ती त्या वर्तमानपत्राच्या घडीची.

या प्रसंगावर आमच्या खोलीत सरळ दोन तट पडले. इंजिनिअरिंगच्या पोरांचं म्हणणं, डेरीच्या खाली जे आहे त्याचाच तो प्रभाव, मोठ्यांना ते दिसू देत नाही, पुस्तकात तसं सुचवलेलंही आहे. सिस्टर म्हणाल्या, प्रभाव वगैरे काही नाही. पोळलेल्या बाईला घेऊन येणारे लोक स्टोव्हचा भडका उडाला म्हणतात आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला काही ऐकू आलेलं नसतं, तिथं कुठलं भूत आणता? बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग जागांचे व्यवहार करणारे गृहस्थ क्रॉकेटवर बोलले. एक डॉलरला घर मागणारा आला तर मीही आधी कागद बघेन, माणूस नंतर, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते ऐकणं फार मोलाचं होतं, कारण ते प्रामाणिकपणे बोलत होते आणि ते ऐकून त्यांच्याकडं कुणी वाकडं पाहिलं नाही.

बैठक चालवणाऱ्याचं काम इथं एकच, निकाल द्यायचा नाही. पोरांचं म्हणणं पुस्तकाच्या आधारानं बरोबर आहे. सिस्टरांचं म्हणणं आयुष्याच्या आधारानं बरोबर आहे. किंगनं ही दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण त्यातच आहे. दुसरी खबरदारी: कुणी स्वतःच्या गल्लीतला प्रसंग सांगू लागलं, तर थांबवू नका, पण आग्रहही करू नका. मी चिठ्ठ्या ठेवते. ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं, नाव न घालता, आणि ती वाचून दाखवायची की घरी न्यायची हे त्यानंच ठरवावं. बहुतेकजण घरी नेतात.

दुसरं पुस्तक म्हणून 'नीडफुल थिंग्ज' घ्या. १९९१ची कादंबरी, गाव कॅसल रॉक. लेलंड गाँट नावाचा परका माणूस दुकान टाकतो. तिथं प्रत्येकाला त्याच्या मनातली नेमकी वस्तू मिळते, अगदी स्वस्तात, फक्त सोबत शेजाऱ्याची एक छोटीशी खोडी काढून द्यायची. पहिलं गिऱ्हाईक ब्रायन रस्क हा अकरा वर्षांचा पोरगा. सँडी कूफॅक्स या बेसबॉल खेळाडूचं सहीचं कार्ड त्याला ८५ सेंटला मिळतं, आणि वर एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरींवर चिखल फेकून यायचं. इथं आपल्या वाचकांची गाडी अडते. बेसबॉलचं कार्ड, त्यासाठी एवढं वेड? तेव्हा फुटबॉल आठवून द्या. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच असली की इथं काय होतं हे सांगायला लागत नाही. ज्या खेळाडूला आजोबा खांद्यावर बसवून दाखवायचे, त्याची सहीची जर्सी समोर ठेवली, तर बारा वर्षांचा पोरगा दुसऱ्या पेठेतल्या कुणाच्या चादरीवर चिखल फेकेल की नाही?

मग प्रत्येकाला विचारा, तुमच्यासाठी गाँटनं काचेत काय ठेवलं असतं? उत्तरं ऐकण्यासारखी येतात. एका काकूंनी आईचा मोडीत काढलेला कोल्हापुरी साज सांगितला, एकवीस पानांचा, त्यातलं एक पान दबलेलं होतं हेही सांगितलं. निवृत्त तलाठ्यांनी प्रभातच्या एका जुन्या सिनेमाचं पोस्टर. ही कंपनी १९२९ साली याच गावात सुरू झाली, त्यांच्या चुलत्यांनी तिथं रंगकाम केलं होतं. एक पोरगा म्हणाला, बाबांची बुलेट, जी विकली. असं बोलून झालं की दुसरा अर्धा प्रश्न टाका: आणि त्यासाठी कुणाची, कितपत खोडी काढाल? या वेळी उत्तर मोठ्यानं द्यायला लावू नका. मनात येऊ दे आणि मग पुस्तकाकडं वळा, नेटी आणि विल्मा या गावातल्या दोघी एकमेकींच्या जिवावर कशा उठल्या तिकडं. कादंबरीतलं गाव जाळायला गाँटला स्वतः काडी लावावी लागत नाही. जुन्या कुरबुरी गावातच होत्या, त्यानं फक्त पत्ते सांगितले.

तक्रारी दोन येणारच. पहिली, लांबण. "लई पाल्हाळ लावलंय" हे मत झटकून टाकू नका, ते खरंही आहे. म्हणणाऱ्याला सांगा, जी पानं काढून टाकाल त्यांचे आकडे लिहून आणा. दुसरी तक्रार शेवटांची. 'इट'मधल्या राक्षसाचं शेवटचं कोळ्यासारखं रूप कित्येकांना फिकं वाटतं, आणि मलाही वाटतं. त्याच भागात मुलांच्या संदर्भातला एक शारीरिक प्रसंग आहे, जो अनेक वाचकांना साफ अमान्य आहे. तो लपवू नका, आधी कल्पना द्या, आणि अठराच्या खालच्या वाचकांना हे पुस्तक देऊच नका. कुणी म्हणालं की तेवढ्यावरून मी लेखकाला माफ करणार नाही, तर तेही मत वहीत लिहा.

पण शेवटाबद्दल बोलताना राक्षसाचा शेवट आणि गावाचा शेवट वेगळे करा. 'इट'च्या अखेरीला प्रचंड वादळ येतं, पाणी चढतं आणि डेरीचा बाजार खचून कोसळतो. बाकी ठिकाणचे वाचक ही पानं भरभर उलटतात म्हणे. आमच्याकडं तसं होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा वरच्या मजल्यावर बसून खाली स्वतःचं दुकान बुडताना पाहिलेली माणसं खोलीत आहेत. ती विचारतात, पाणी ओसरल्यावर डेरीतल्या लोकांनी काय केलं? कोण परत आलं, कोण कायमचं गेलं? त्या वादळानंतर वाचलेले मित्र एकमेकांची नावंही विसरायला लागतात, हे किंगनं लिहिलंय. यावर फार वेगवेगळी मतं येतात. काकूंचा संताप होतो, असं कसं विसरतील? लेथवाले काका म्हणतात, विसरल्याशिवाय पुन्हा दुकान उघडता येत नाही. हा वाद मिटवू नका.

'इट' घ्यायचीच झाली तर पाच बैठकांत घ्या. पुस्तकाचे भाग पाचच आहेत आणि प्रत्येक भागानंतर गावाच्या जुन्या इतिहासाचा एक तुकडा येतो, गावात मागं राहिलेल्या माइक हॅनलन या ग्रंथपालानं लिहिलेला. ते तुकडे मी स्वतः वाचून दाखवते, कुणाला देत नाही. गाव सोडून न गेलेल्या एका ग्रंथपालानं सगळ्यांच्या वतीनं आठवण ठेवायची, या कामाचं मला फार अप्रूप आहे.

मराठीत भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं नाव निघणारच, आणि ते निघावं. धारप १९२५चे, २००८ साली गेले, आणि इथल्या एका पिढीला रात्री दिवा लावून झोपायला त्यांनीच लावलं. त्यांची 'शपथ' ही 'इट'वरून घेतलेली, हे जुन्या वाचकांना ठाऊक असतं. तरुण पोरं यावर लगेच "मग कॉपीच की" म्हणून मोकळी होतात. अशा वेळी ज्येष्ठांना आधी बोलू द्या. ज्यांनी धारप कोवळ्या वयात वाचले आणि किंग पन्नाशीनंतर, त्यांच्यासाठी मूळ पुस्तक नंतर आलेलं आहे; त्यांची भीती मराठीत घडली आहे. मग दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून विचारा, गाव बदललं तेव्हा काय बदललं? शेजारी कसे बदलले, संकटात कुणाकडं धाव घेतली जाते? धारपांच्या कथांत बऱ्याचदा त्यांच्या 'समर्थ' या नायकासारखा जाणता माणूस येतो आणि आपण त्याच्या मागं निर्धास्त उभे राहतो. किंगकडं असा कुणी येत नाही. शाळामास्तर, तोतरं बोलणारा पोरगा, जे हाताशी असतील त्यांनीच लढायचं. मला दोन्ही हवेसे वाटतात, वेगवेगळ्या दिवशी.

मतं लिहून ठेवा. माझ्याकडं एक लांबट हिशेबाची वही आहे. प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं: पुस्तक कुठं वाचलं, कुठल्या पानावर खाली ठेवावंसं वाटलं, आणि त्या गावात आपण कुठल्या घरात राहिलो असतो. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. "छान आहे", "ठीक" असं लिहिलं असेल तर वही परत हातात द्या. पुढच्या वाचकाचा रस जाईल असं गुपित मात्र कुणी फोडायचं नाही.

'पेट सेमेटरी' सगळ्यांत शेवटी, आणि तीही सरसकट नाही. १९८३ची ही कादंबरी भरधाव ट्रकांच्या रस्त्याकाठच्या घराची आहे. किंग ऑरिंग्टनला तशाच रस्त्यावर भाड्यानं राहत होता आणि तिथं त्याच्या मुलीचं मांजर गाडीखाली गेलं. लिहून झाल्यावर त्यानं ती बराच काळ बाजूला ठेवली होती, इतकी ती त्याला काळी वाटली. यात लहान मूल जातं, आणि बाप ते सोसू शकत नाही. म्हणून ही घेण्याआधी प्रत्येकाला वेगवेगळा फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून भागवू नका. घरात अलीकडं कुणी गेलंय का, अपघात झालाय का, हे आपल्याला बहुतेक ठाऊक असतं, तरी विचारा. जे नको म्हणतील त्यांना कारण विचारू नका, त्या महिन्यात त्यांना दुसरं पुस्तक द्या आणि पुढच्या रविवारी या म्हणून सांगा. जे येतील त्यांच्यासाठी प्रश्न शेजारच्या म्हाताऱ्या जडसन क्रँडलचा ठेवा. मांजर मेल्यावर लेकीला रडायला लागू नये म्हणून, जिथं पुरलेलं जिवंत होऊन परत येतं ती जागा त्यानं मायेपोटी दाखवली. त्यानं दाखवायला हवी होती का?

या प्रश्नाला दोन तास ठेवा आणि चहा आधीच करून घ्या.